दोघांचे स्वयंपाकघर : शाकाहारी आहारातील नवे प्रयोग

स्वयंपाकघर ही घरातील सर्वांत जुनी प्रयोगशाळा होय. धान्य दळावे कसे, डाळ शिजवावी किती, कोणत्या भाजीत कोणते आंबट घालावे, याचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून या प्रयोगशाळेत सिद्ध झाले. परंतु तेथे काम करणारी व्यक्ती बहुधा एकच असते, आणि तिच्यामागे वेळेचा तगादा असतो. त्यामुळे प्रयोग थांबतात आणि तीच पोळी, तोच भात, तीच बटाट्याची भाजी हा क्रम वर्षानुवर्षे चालू राहतो. नवा पदार्थ पाहुण्यांसाठी किंवा सणासाठी राखून ठेवला जातो. रोजच्या जेवणात बदल करावा, तो पती-पत्नींनी मिळून करावा, आणि त्यामागे काही आरोग्यविचार असावा, ही कल्पना अजून आपल्याकडे पुरेशी रुजलेली नाही. ती रुजणे का अगत्याचे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रश्नाचे स्वरूप

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळून आला. आधीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. सहा महिने ते पाच वर्षे या वयाच्या बालकांमध्ये तर हे प्रमाण ६८.९ टक्के इतके होते. याचा अर्थ असा की, आपल्या गावातील कोणत्याही दोन घरांपैकी एका घरातील गृहिणी रक्तक्षयाने थकलेली असण्याचा संभव आहे. ही थकावट नजरेस येत नाही. चक्कर येणे, दम लागणे, कामात मन न लागणे, या गोष्टी ‘बाईमाणसाला व्हायच्याच’ म्हणून सोडून दिल्या जातात.

रक्तक्षयाला केवळ आहारच कारणीभूत असतो असे नाही. जंत, हिवताप, पाळीच्या वेळचा अतिरिक्त रक्तस्राव, लागोपाठची बाळंतपणे, सिकलसेलसारखे आनुवंशिक विकार ही कारणेही असू शकतात. म्हणूनच तपासणी आणि औषधोपचार यांना पर्याय नाही. तथापि, रोजच्या ताटात लोह, प्रथिने आणि जीवनसत्त्वे पुरेशी नसतील तर औषधाने भरून काढलेली उणीव पुन्हा निर्माण होते. शाकाहारी कुटुंबात याबाबत अधिक दक्षता घ्यावी लागते. धान्ये, कडधान्ये आणि पालेभाज्या यांमध्ये लोह असते खरे, परंतु ते शरीरात सहजी शोषले जात नाही. ते शोषले जावे म्हणून काय, कसे आणि कशाबरोबर खावे, हे जाणून घेणे आवश्यक ठरते.

एका दांपत्याचा उपक्रम

खानदेशातील एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका दांपत्याचे उदाहरण या संदर्भात उद्‌बोधक वाटेल. त्यांची नावे येथे देण्याचे प्रयोजन नाही. पती सरकारी कार्यालयात लिपिक आहेत, तर पत्नी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहेत. पतीचे घराणे जळगाव जिल्ह्यातील, पत्नीचे माहेर रत्नागिरीकडचे. घरात दोन मुले आणि पतीची वृद्ध आई. घर पूर्णपणे शाकाहारी आहे.

शाळेत झालेल्या आरोग्य तपासणीत बाईंचे हिमोग्लोबिन दर डेसिलीटरला ९.४ ग्रॅम भरले. गरोदर नसलेल्या स्त्रीच्या रक्तात ते किमान १२ ग्रॅम असावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा मापदंड आहे. ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरांनी लोह व फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या सुरू केल्या आणि निघताना एकच प्रश्न विचारला, ‘‘काल दिवसभरात आपण काय काय खाल्ले?’’ बाईंना नीट सांगता येईना. घरातील इतर चौघांनी काय खाल्ले हे मात्र त्यांना तंतोतंत सांगता आले.

त्या दिवशी घरी परतल्यावर दोघांनी ठरविले की, दर रविवारी एक नवा शाकाहारी पदार्थ दोघांनी मिळून करावयाचा. पदार्थ चवीला पसंत पडला, पोटाला मानवला आणि खर्चाला परवडला तरच तो रोजच्या जेवणात घ्यावयाचा. प्रत्येक प्रयोगाची नोंद एका वहीत ठेवावयाची. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ या पुस्तकाने वाटी-चमच्याच्या मापाने पाककृती सांगण्याची पद्धत मराठी घराघरांत नेली. त्याच पद्धतीने वहीत मापे लिहिण्यात आली. ‘अंदाजे’ हा शब्द वहीत वापरावयाचा नाही, असा पतींचा आग्रह होता. त्यांना स्वयंपाकाचा अंदाज मुळीच नव्हता, हे त्याचे खरे कारण.

नवे म्हणजे काय?

पहिल्या काही रविवारी दोघांनी वर्तमानपत्रातील पाककृती करून पाहिल्या. त्यांत लोणी, मैदा आणि साखर यांचीच रेलचेल असल्याने त्या हेतूला उपयोगी पडल्या नाहीत. मग एके दिवशी बाईंनी माहेरची कुळथाची पिठी केली. भाजलेल्या कुळथाचे पीठ, लसणीची फोडणी, कोकम आणि वर थोडे ओले खोबरे. कोकणात ही घरोघरची गोष्ट, पण खानदेशी सासरी ती ‘नवा पदार्थ’ म्हणून दाखल झाली. पुढच्या रविवारी सासूबाईंनी कळण्याची भाकरी आणि फुणके यांची आठवण काढली. मुलांनी या पदार्थांची नावेही ऐकलेली नव्हती.

येथे एक गोष्ट लक्षात येते. एका भागात जुना झालेला पदार्थ दुसऱ्या भागात नवा असतो, आणि एका पिढीने सोडून दिलेला पदार्थ पुढच्या पिढीला नवा वाटतो. कोकण, खानदेश, विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्र यांच्या खाद्यपरंपरा एकमेकींना पूरक आहेत. लग्नसंबंधाने दोन विभागांची माणसे एका घरात येतात, तेव्हा दोन स्वयंपाकघरेही एकत्र यावयास हवीत. प्रत्यक्षात बहुधा सुनेचे माहेरचे पदार्थ माहेरीच राहतात.

नव्या अन्नाची सक्ती आणि त्याचा स्वीकार यांत मोठे अंतर असते. १९७२ च्या दुष्काळात खाल्लेली तांबडी मिलो ज्वारी जुन्या मंडळींच्या स्मरणात असेल. तिने भूक भागविली, परंतु ती ताटात रुजली नाही. याउलट जो पदार्थ माणूस स्वतः निवडतो, स्वतःच्या हाताने करतो आणि घरच्यांबरोबर बसून खातो, तो टिकतो.

डाळ आणि धान्य यांची जोडी

कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारी आणि उडीद एकत्र दळतात. या घरात चार वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद व थोडे मीठ असे प्रमाण ठरले. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारणतः दहा ग्रॅम, तर तेवढ्याच उडदात तेवीस-चोवीस ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे पाचशे ग्रॅम ज्वारीच्या पिठातून सुमारे पन्नास ग्रॅम, तर वजनाने चारास एक मिसळलेल्या तेवढ्याच कळण्यातून त्रेसष्ट-चौसष्ट ग्रॅम प्रथिने मिळतात. परंतु लाभ केवळ संख्येचा नाही. धान्यांच्या प्रथिनांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते, ते डाळींत विपुल असते. डाळींत मेथिओनिन कमी पडते, ते धान्यांतून मिळते. एकाची उणीव दुसरे भरून काढते. वरण-भात, खिचडी, थालीपीठ, इडली, पुरणपोळी या सर्वांच्या मुळाशी हेच तत्त्व आहे. आपल्या पूर्वजांना अमिनो आम्लांची नावे ठाऊक नव्हती, पण जोडी मात्र त्यांनी अचूक जुळविली होती.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे ६५ किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम, तर ५५ किलो वजनाच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने हवीत. लोहाबाबत मात्र परिस्थिती उलट आहे. पुरुषाला १९ मिलिग्रॅम, तर स्त्रीला २९ मिलिग्रॅम लोह लागते. ज्या व्यक्तीला घरात लोहाची गरज सर्वाधिक, तिच्याच ताटात उसळ आणि पालेभाजी सर्वांत शेवटी व सर्वांत कमी पडते, हा आपल्याकडील रिवाज किती उफराटा आहे हे यावरून दिसून येईल.

फुणक्यांसाठी तुरीची डाळ चार-पाच तास भिजवून जाडसर वाटतात. तीत कांदा, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर व चिरलेली मेथी किंवा शेपू घालून मुटके वळतात, ते वाफवितात आणि कढीबरोबर खातात. तळण नसल्याने तेल अत्यल्प लागते. डाळ, पालेभाजी आणि दही तिन्ही एका पदार्थात येतात. वहीत या पदार्थापुढे मुलांचा शेरा आहे : ‘पुन्हा करावे.’

फसलेले प्रयोग

प्रत्येक प्रयोग यशस्वी झाला असे नाही. नाचणीची पहिली भाकरी पतींनी केली, ती तव्यावर जाण्यापूर्वीच तीन तुकड्यांत विभागली गेली. ज्वारीचे ताजे पीठ साध्या पाण्यात मळले तरी भाकरी थापता येते, नाचणीला मात्र उकड काढावी लागते, हे त्यांना ठाऊक नव्हते. उकळत्या पाण्यात पीठ घालून, झाकून ठेवून, कोमट असताना ते मळल्यावर भाकरी नीट उतरली. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर तेवढ्याच पांढऱ्या तांदळात दहा मिलिग्रॅमच्या आसपास. वाढत्या वयाची मुले आणि हाडे ठिसूळ होत चाललेली आजी यांच्यासाठी हा फरक नगण्य नव्हे.

दुसरी चूक सोयाबीनची. कच्चे सोयाबीन दळून त्याचे पीठ कणकेत एक चतुर्थांश प्रमाणात मिसळण्यात आले. पोळ्यांना उग्र वास आला आणि सर्वांची पोटे बिघडली. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारी द्रव्ये असतात, ती उष्णतेने निष्प्रभ होतात. यासाठी सोयाबीन उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे ठेवून, निथळून, कडक वाळवून मगच दळावे, आणि नऊ किलो गव्हाला एक किलो यापेक्षा अधिक मिसळू नये. दुसऱ्या खेपेस याप्रमाणे केल्यावर पोळीत बदल झाल्याचे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

तिसरा प्रसंग अळूचा. आंबट न घालता केलेल्या फतफत्याने सर्वांचे घसे खवखवले. अळूच्या पानांत ऑक्झलेटचे सूक्ष्म स्फटिक असतात. भाजी पूर्ण शिजविणे व तीत चिंच किंवा ताक घालणे, ही जुनी रीत निष्कारण पडलेली नाही. या तिन्ही चुका वहीत कारणांसह लिहिलेल्या आहेत. यशापेक्षा त्यांचाच उपयोग शेजाऱ्यांना अधिक झाला.

करण्याची रीत महत्त्वाची

नव्या पदार्थांइतकेच महत्त्व जुने पदार्थ करण्याच्या पद्धतीला आहे. या दांपत्याने आपल्या स्वयंपाकात पुढील सुधारणा केल्या :

(१) मटकी, मूग, हुलगे व हरभरे रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणून वापरावेत. भिजविल्याने व मोड आल्याने लोहाला अडवून धरणाऱ्या फायटेटचे प्रमाण घटते आणि ‘क’ जीवनसत्त्व वाढते. इडली, आंबोळी, आंबील यांसारख्या आंबविलेल्या पदार्थांतही फायटेट कमी होते.

(२) उसळ व पालेभाजीबरोबर लिंबू, आवळा, पेरू किंवा कच्ची कोथिंबीर यांपैकी काहीतरी असावे. ‘क’ जीवनसत्त्वामुळे वनस्पतीजन्य लोहाचे शोषण वाढते. लिंबू शिजताना न पिळता वाढतेवेळी पिळावे, कारण उष्णतेने हे जीवनसत्त्व नष्ट होते.

(३) जेवणाबरोबर चहा घेऊ नये. चहातील टॅनिन लोहाला शोषू देत नाही. जेवण आणि चहा यांत निदान एक तासाचे अंतर ठेवावे.

(४) भाजी आधी धुवावी, मग चिरावी. शिजविलेले पाणी ओतून न देता आमटीत घालावे. डाळ लवकर शिजावी म्हणून सोडा टाकू नये, त्याने थायमिन हे जीवनसत्त्व नाश पावते.

(५) फोडणी व भाज्यांसाठी लोखंडी कढई आणि तवा वापरावा. अन्नात, विशेषतः आंबट पदार्थात, थोडे लोह उतरते. मात्र आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात कदापि ठेवू नयेत.

(६) शेवग्याचा पाला, अंबाडी, राजगिरा, तांदुळजा, घोळ व पावसाळ्यातील टाकळा या स्थानिक भाज्यांना ताटात स्थान द्यावे. रानभाजी ओळखीची असल्याखेरीज खाऊ नये.

शाकाहारी कुटुंबांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ‘ब-१२’ हे जीवनसत्त्व धान्ये, कडधान्ये व भाज्या यांतून मिळत नाही. त्यासाठी दूध, दही, ताक यांचा आहारात नियमित समावेश हवा, आणि उणीव आढळल्यास वैद्यकीय सल्ल्याने औषध घेतले पाहिजे.

वहीतील मोकळा रकाना

वहीत पदार्थ, मापे, लागलेला वेळ आणि खर्च यांबरोबर ‘कोणी किती खाल्ले’ असा एक रकाना होता. मुले किती खातात हे कळावे, एवढाच त्यामागचा हेतू. सहा-सात आठवड्यांनंतर पती ही वही चाळीत असताना त्यांच्या ध्यानात आले की, सर्वांच्या नावापुढे आकडे आहेत, पत्नीच्या नावापुढे मात्र बहुतेक ठिकाणी रेघ ओढलेली आहे. विचारता त्या सहज म्हणाल्या, ‘‘अहो, तोवर उसळ संपलेली असायची. मी चटणी-भाकरी खाल्ली.’’

म्हणजे ज्या व्यक्तीसाठी हा सारा खटाटोप आरंभिला, तिच्याच पोटात तो पोहोचत नव्हता. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. बाईमाणसाने शेवटी जेवावे, ही रीत इतकी अंगवळणी पडलेली होती की ती कोणाला दिसलीच नाही. त्या दिवसापासून पाचही ताटे एकाच वेळी वाढण्यास सुरुवात झाली. पतींनी वाढावे आणि सर्वांनी एकत्र बसावे, असा नियम झाला. सासूबाईंना हे प्रथम रुचले नाही. पण चार दिवसांनी त्यांनीच सांगितले, ‘‘मीही जन्मभर खरवडच खाल्ली. सून तरी ताजे खाऊ दे.’’

२०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार देशात घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसातील सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवीत, तर घरकामात भाग घेणारे पुरुष ९७ मिनिटे. शिवाय असा भाग घेणाऱ्या पुरुषांचे प्रमाण सुमारे चौथा हिस्सा इतकेच होते. पती स्वयंपाकघरात आल्याने केवळ श्रम वाटले जातात असे नव्हे. कोण काय खाते, किती खाते, कोणाला काय उरत नाही, हे त्याला प्रथमच दिसते. ताटाची विषमता ही बाहेरच्या खोलीत बसून दिसत नाही.

सुमारे चार महिन्यांनी केलेल्या तपासणीत बाईंचे हिमोग्लोबिन ११.६ ग्रॅमपर्यंत आले होते. हे श्रेय मुख्यतः गोळ्यांचे आहे, असे डॉक्टरांनी स्पष्ट केले, आणि ते योग्यच होय. मात्र गोळ्या बंद झाल्यावर मिळविलेले टिकविण्याचे काम ताटाला करावे लागणार आहे, हेही त्यांनी सांगितले.

शाळा आणि पंचायत यांचे कार्य

या उपक्रमाची व्याप्ती एका घरापुरती राहू नये. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. त्यानिमित्ताने ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी यांची पुष्कळ चर्चा झाली. ती चर्चा सभांतून घरातील चुलीपर्यंत नेण्याचे काम स्थानिक कार्यकर्त्यांनाच करावे लागेल.

शिक्षकांना यात मोठी संधी आहे. १९९५ पासून देशात सुरू असलेल्या आणि २०२१ मध्ये प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण असे नाव मिळालेल्या शालेय आहार योजनेत प्राथमिक वर्गाच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी देण्याचे प्रमाण ठरलेले आहे. या पन्नास ग्रॅमांत शेवग्याचा पाला असावा की केवळ बटाटा, हे शाळेच्या परसबागेवर अवलंबून असते. विद्यार्थ्यांना ‘आजीकडून एक विसरलेला पदार्थ लिहून आणा’ असा गृहपाठ दिल्यास गावाचा खाद्यकोश आपोआप तयार होईल. हा गृहपाठ मुलग्यांनाही द्यावा, आणि तो करून पाहण्यासही सांगावे.

पंचायत सदस्यांनी पोषण महिन्यात, म्हणजे सप्टेंबरमध्ये, पाककृतींच्या स्पर्धा भरविण्याची प्रथा आहे. त्यात स्त्रियांनी पदार्थ मांडावेत आणि पुरुषांनी परीक्षण करावे, असे चित्र अनेकदा दिसते. त्याऐवजी पती-पत्नींनी जोडीने भाग घ्यावा, अशी अट घालून पाहण्यास हरकत नाही. सार्वजनिक जागेत शेवगा, आवळा, पेरू, लिंबू यांची झाडे लावणे, पिठाच्या गिरणीवर मिश्र पिठाची प्रमाणे फलकावर लिहून लावणे, अंगणवाडीतील आरोग्य दिवसाला पुरुषांनाही बोलाविणे, ही कामे अल्प खर्चाची आहेत.

उपसंहार

आहारसुधारणेसाठी महागडे जिन्नस लागत नाहीत. मूठभर मोड आलेली मटकी, लिंबाची एक फोड, शेवग्याच्या चार डहाळ्या आणि नाचणीची एक भाकरी एवढ्यावर तिचा प्रारंभ होऊ शकतो. लागते ती थोडी चिकित्सक वृत्ती, चुकण्याची तयारी आणि दोघांचे चार हात. वर उल्लेखिलेल्या दांपत्याची ती वही आता दुसऱ्या भागापर्यंत आली आहे. पहिल्या भागातील सव्विसाव्या पानापासून पुढे, शेवटच्या रकान्यात, एकही रेघ ओढलेली नाही. कोणत्याही घराने आपल्या प्रयोगाचे यशापयश याच रकान्यावरून तपासून पाहावे.